कॅरोलीन लिंक ‘संपली’ म्हणणाऱ्यांसाठी

सिनेमाप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात आशय असा: जर्मन दिग्दर्शिका कॅरोलीन लिंकला नशिबानं एक ऑस्कर लागला आणि त्यानंतर ती संपली, मुळात ती लहान मुलांसाठी गोडगोड सिनेमे करणारी, आणि आपला ‘खामोशी’ तिच्याच ‘बियाँड सायलेन्स’वरून उचललेला. गेली कित्येक वर्षं मी तिचे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. हे वाचून गप्प बसवेना.

‘खामोशी’चं आधी उरकते, कारण ते तारखेतच निकालात निघतं. नाना पाटेकर आणि सीमा विश्वास यांचा ‘खामोशी’ ऑगस्ट १९९६ मध्ये लागला. ‘बियाँड सायलेन्स’ जर्मनीत पडद्यावर आला डिसेंबर १९९६ मध्ये. कर्णबधिर आईवडील आणि संगीताकडे ओढली जाणारी मुलगी दोन्हीकडे आहे, मान्य. पण जो सिनेमा अजून लागलाच नव्हता, त्यावरून उचलणार कसं? कुणावर चोरीचा आळ घ्यायचा तर सालाबरोबर महिनाही बघावा.

आता नशिबाचं. ‘नोव्हेअर इन आफ्रिका’ला २००३ मध्ये परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण त्याआधी पाच वर्षं, १९९८ मध्ये, ‘बियाँड सायलेन्स’लाही त्याच विभागात नामांकन होतं. तो तर तिचा चित्रपटगृहांसाठीचा पहिला मोठा सिनेमा. जर्मनीला हे ऑस्कर त्याआधी मिळालं होतं ते ‘द टिन ड्रम’ला, १९८० साली. म्हणजे मध्ये २३ वर्षं गेली.

‘त्यानंतर संपली’ या म्हणण्यात एवढंच खरं आहे की ती सावकाश काम करते. २००८ मध्ये ‘अ इयर अगो इन विंटर’, २०१३ मध्ये ‘एक्झिट माराकेश’. मग २०१८ च्या नाताळात हापे केर्केलिंग या विनोदी कलावंताच्या बालपणावरचा सिनेमा आला. तो जर्मनीत ३५ लाखांहून जास्त लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. पुढच्याच नाताळात ज्युडिथ कर यांच्या कादंबरीवरचा ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’. २०२२ मध्ये बालमानसोपचारावरची ‘सेफ’ ही मालिका. याला संपणं म्हणत असतील तर बोलणंच खुंटलं.

मला खरं खुपतं ते ‘लहान मुलांसाठी गोडगोड’. ‘पुंक्टशेन उंड अँटोन’ हा एरिश केस्टनरच्या पुस्तकावरचा १९९९ चा सिनेमा मुलांसाठीच आहे, पिंक रॅबिटही घरच्यांनी मुलांना घेऊन बघावा असा आहे. पण बाकीचे? ते मुलांबद्दल आहेत, आणि मोठ्यांनी आपलं ओझं मुलांच्या डोक्यावर कसं ठेवलं त्याबद्दल आहेत.

‘बियाँड सायलेन्स’मधली लारा आठवा. आईवडिलांना ऐकू येत नाही, म्हणून बँकेत दुभाषी तीच, शाळेतही तीच. शिक्षिका आईला बोलावून लाराच्या अभ्यासाची तक्रार करतात, आणि ती तक्रार आईपर्यंत पोचवायचीय खुद्द लारानं! हात झरझर हलतात आणि आईला भलतंच सांगून मोकळे होतात. आपण हसतो, आणि लगेच लक्षात येतं की या पोरीला नुसतं विद्यार्थिनी असण्याची मुभाच नाही. आईवडील झालेले इमॅन्युएल लाबोरी आणि होवी सीगो हे दोघेही खरोखरच कर्णबधिर कलावंत आहेत. ती फ्रेंच, तो अमेरिकन. त्यामुळे त्या हातवाऱ्यांत कुठे अभिनयाचा आव नाही.

‘नोव्हेअर इन आफ्रिका’त १९३८ मध्ये एक ज्यू कुटुंब जर्मनीतून जीव वाचवून केनियात येतं. वडिलांनी फ्रीज आणायला कळवलेलं असतं, आई आणते संध्याकाळच्या समारंभात घालायचा झगा. ती आपल्या जुन्या आयुष्यातून बाहेरच पडलेली नाही. छोटी रेगिना मात्र स्वयंपाकी ओवुओरला बिलगते, भराभर स्वाहिली शिकते, आणि आईवडिलांचा संसार तुटायला आला की तेही तीच बघते.

आणि केर्केलिंगवरचा सिनेमा. त्यात ज्यूलिअस वेकाउफ या मुलानं छोटा हान्स-पेटर (म्हणजे हापेच) असा केलाय की जीव तुटतो. शस्त्रक्रियेनंतर आईची चव आणि वास दोन्ही जातात, ती हळूहळू खचत जाते. गोलमटोल पोरगा नकला करतो, वेश बदलतो, घरभर नाचतो. घरच्यांना वाटतं, काय गमत्या पोर आहे! त्याचा डोळा मात्र सारखा आईच्या चेहऱ्यावर. ती हसली की पुन्हा तेच, नाही हसली की दुसरं काहीतरी. एके दिवशी आई स्वतःला संपवते. त्यानंतर आजी-आजोबा त्याला सांभाळायला घरी येतात.