सत्तरीत कळलं, तरी कळायलाच हवं

गेले काही महिने आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि मुंबईच्या मैत्रिणींशी फोनवर एकच वाद पुन्हा पुन्हा निघतो. साठी ओलांडलेल्या एखाद्या माणसाबद्दल कुणीतरी विचारतं, "यांना ऑटिझम तर नसेल?" की लगेच दोन तट पडतात. (ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मजात वेगळी घडण. माणसांत मिसळणं, ठरलेल्या क्रमातले बदल, आवाज किंवा स्पर्श यांचा अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो.) एक तट म्हणतो, हल्ली ज्याला त्याला काहीतरी असतंच. एककल्ली, तऱ्हेवाईक माणसं पूर्वीही होती. त्यांची लग्नं झाली, नोकऱ्या झाल्या, कुणाचं काय अडलं? दुसरा तट मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी सोडवतो आणि निकाल जाहीर करून मोकळा होतो.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. हा वाद इथेही आहेच. पण दोन्हीकडचं ऐकून माझं मत पक्कं झालं आहे. माणूस सत्तरीचा असला तरी हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर शोधण्याची एक सोय मुंबईत लीड्सपेक्षा चांगली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण गटावर सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ऑटिझम म्हातारपणी होत नाही. तो जन्मापासून असतो, ओळखला मात्र जात नाही. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये त्याचं पहिलं ठळक वर्णन केलं ते लहान मुलांचं. व्यवस्थित बोलणारी, शिकलेली, नोकरी करणारी माणसंही यात असू शकतात, याकडे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी 1981 मध्ये लक्ष वेधलं आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत अशा माणसांना जागा मिळाली 1994 मध्ये. म्हणजे 1950 साली गिरगावात जन्मलेला मुलगा तोवर 44 वर्षांचा झालेला. त्याला शाळेत कोण ओळखणार होतं? इंग्लंडमध्ये तरी वेगळं काय घडलं? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2023 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार इथल्या पन्नाशीपुढच्या ऑटिस्टिक माणसांपैकी दहातल्या नऊजणांचं निदान झालेलंच नाही.

आता "कुणाचं काय अडलं" याबद्दल.

माझे मामा छापखान्यात मुद्रितशोधक होते. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) शिवणी टोचतात म्हणून बनियन कायम उलटा. ताटात वरण भाताला लागलेलं चालायचं नाही, दोन वाट्या वेगळ्या. लग्नकार्यात पाहुण्यांशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचलं नाही, पण पानभर मजकुरातला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ नजर टाकताच सापडायचा. त्यांचं काही अडलं नाही हे खरंच, कारण मामी होती. नव्या शर्टाच्या कॉलरमधली पट्टी ती आधी उसवून टाकायची. उद्या कोण येणार, किती वेळ बसणार, हे आदल्या रात्री सांगून ठेवायची. अनंत चतुर्दशीला गिरगावात ढोल-ताशांनी भिंती हादरतात, तेव्हा ती त्यांना घेऊन रोह्याला माहेरी जायची. बारशा-मुंजींना एकटी जायची आणि "यांना बरं नाही" असं सांगायची. आम्ही सगळे मामांना शिष्ट म्हणायचो आणि मामीला सोशिक.

मामी गेली. पाठोपाठ चाळ पुनर्विकासाला गेली आणि मामा कांदिवलीत हमरस्त्यावरच्या भाड्याच्या घरात आले. खाली रस्त्याचं खोदकाम, वर-खाली तीन घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या, ओळखीचा एकही जिना नाही. ते जेवेनात. दूध-बिस्किटांवर राहू लागले, कुणी आलं की न्हाणीघरात जाऊन बसू लागले. घरात "म्हातारचळ" हा शब्द निघाला. एका डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. ते चुकीचं नव्हतं, गोळ्यांनी झोप लागू लागली. दुसऱ्यांना स्मृतिभ्रंशाची शंका आली, पण चाचणीत मामांनी जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळवले. शेवटी एका तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रश्न केला, "यातलं नवीन काय आणि लहानपणापासूनचं काय?" आमच्या घरात हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

अशा कथा मुंबईत घरोघरी असणार असं मला वाटतं. आपल्याकडे आधार होता, पण तो बहुतेक वेळा एकाच बाईच्या अंगावर होता आणि तिच्या कष्टाला काही नाव नव्हतं. निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, पुनर्विकासातलं स्थलांतर, यांतलं एक जरी घडलं तरी तो आधार जातो आणि माणूस उघडा पडतो. "पूर्वी कुणाचं अडत नव्हतं" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अडत होतं, फक्त ते दुसरं कुणीतरी निस्तरत होतं. बायकांच्या बाबतीत तर हे अजूनच झाकलेलं राहतं. गप्प राहणं, सगळ्यांचं पाहून वागणं हे मुलींना लहानपणीच शिकवलं जातं. मनावर दगड ठेवून जन्मभर चारचौघींसारखं वागत राहणाऱ्या बाईला पुढे नुसतं "थकलेली" म्हणतात.

इंग्लंडची भलामण मी करणार नाही. इथे 2009 पासून ऑटिझमसाठी स्वतंत्र कायदा आहे, प्रौढांच्या निदानाची मार्गदर्शक तत्त्वं 2012 पासून आहेत. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे कुठल्याही वयाचा माणूस जाऊन तपासणीची मागणी करू शकतो. पण रांग भयंकर आहे. तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी अशी अपेक्षा आणि प्रत्यक्षात लोक वर्ष-दोन वर्षं ताटकळतात. निदान झाल्यावर बऱ्याचदा हातात एक पत्रक पडतं आणि तिथेच सगळं संपतं. तरी एक गोष्ट मला इथली मनापासून पटते. माझ्या कार्यालयातल्या एका गृहस्थांचं निदान अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं. त्यांचं टेबल लिफ्टपासून लांब, खिडकीशी हलवलं आणि बैठकीचे विषय त्यांना आदल्या दिवशी लिहून मिळू लागले. कुणी कुजबुजलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्यात वाजवी सोयीसुविधा देण्याचं तत्त्वही आहे. अडचण दाराशी आहे. मुंबईत ऑटिझम म्हटलं की बालविकास केंद्र, थेरपी, शाळा असंच डोळ्यांसमोर येतं. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी डोळ्याला डोळा न देणं, तेच तेच शब्द उच्चारणं अशी बाहेर दिसणारी लक्षणं मोजते. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून हे सगळं झाकायला शिकलेला माणूस तिच्यात कितीसा सापडेल? म्हणून माझं मत असं की साठीनंतर प्रमाणपत्र हे पहिलं ध्येय ठेवू नये. ज्यांना मोठा आधार लागतो त्यांनी ते जरूर मिळवावं. बाकीच्यांना स्वतःला समजून घेणं आणि घरच्यांनी समजून घेणं, याचीच जास्त गरज आहे.

आता त्या सोयीबद्दल, जिच्याबाबत लीड्स मुंबईच्या मागे आहे. या निदानाला लहानपणाची माहिती लागते. इथे सत्तरीच्या माणसाचं लहानपण सांगणारं कुणी उरत नाही. आईवडील गेलेले, भावंडं पांगलेली, शेजारी तर कधी नव्हतेच. मामांच्या वेळी आम्ही चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या आजींना फोन लावला. पंच्याऐंशी ओलांडलेल्या त्या आजी थांबेनात. शाळेतून आल्यावर हा जिन्याखाली कसा बसायचा, दिवाळीत फटाके सुरू झाले की कपाटात कसा शिरायचा, पतंगापेक्षा मांजाची रिळं रंगांप्रमाणे लावण्यात कसा रमायचा. मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते सगळं लिहून घेतलं, मामांशी चार-पाच बैठकी केल्या आणि मग ऑटिझमचं निदान सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हिला ठाऊक होतं."

गोळ्यांनी ऑटिझम जात नाही आणि जायचं कारणही नाही. त्यासोबत येणारी चिंता आणि नैराश्य यांवर मात्र उपचार होतात. मामांच्या बाबतीत बदल साधे झाले. मागच्या बाजूची खोली त्यांना दिली, आवाज अडवणारे हेडफोन आणले, आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. फोन करण्याआधी आम्ही मेसेज करतो. भाचेसुनेनं वाट्या वेगळ्या केल्या. ते पुन्हा जेवू लागले.

एका आक्षेपाबद्दल मात्र मला रागच येतो, "नातीचं लग्न ठरायचंय, आता हे कशाला उकरता?" ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, म्हणूनच नातवाला थेरपीला घेऊन गेलेले आजोबा बाकावर बसल्या बसल्या स्वतःलाच ओळखतात. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात गिळलं तर नातवालाही तेच शिकवलं जाईल.

मोबाइलवरच्या चाचणीवाल्यांनाही सांगते, शंका येण्यापुरती ती ठीक, निकाल म्हणून नव्हे. वागण्यातला बदल अलीकडचा असेल, माणूस पूर्वी मनमिळाऊ होता आणि वर्षभरात तुटक झाला, तर ते ऑटिझमचं लक्षण नाही. स्मृतिभ्रंश, पक्षाघाताचा लहान झटका, ऐकू कमी येणं, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, हे सगळं आधी तपासायला हवं आणि त्यात दिरंगाई नको. लक्षणं जन्मभराची असतील तर मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावेत, आणि प्रौढांचा ऑटिझम त्यांनी पाहिलेला आहे का हे पहिल्याच फोनवर न संकोचता विचारावं. कुठे जावं हेच उमगत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

केईएम, नायर, सायन, जे.जे. या चारही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे आठवड्यातून एक दुपार प्रौढांच्या ऑटिझमसाठी राखावी आणि बाहेर मराठीत तसा फलक लावावा, एवढी मागणी नगरसेवकांकडे, आमदारांकडे लेखी करता येण्यासारखी आहे. मी इथून माझं पत्र धाडणार आहे, तिथल्यांनी आपापलं धाडावं. ती दुपार मिळेपर्यंत एक काम घरीच सुरू करता येईल. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं लहानपण पाहिलेल्या आत्या, मावश्या, शेजारणी यांच्याकडून आठवणी तारखेसह लिहून घ्या. त्या सगळ्याजणी आता ऐंशीच्या पुढे आहेत.