रीडमीतला स्वल्पविराम

ऑक्टोबर लागला की पोटात गोळा येतो. हॅक्टोबरफेस्ट! म्हणजे ओपन सोर्स (कोणीही बदल सुचवू शकेल अशा खुल्या) सॉफ्टवेअर प्रोजेक्टना बदल पाठवण्याचा महिनाभराचा उत्सव; आणि आमचा प्रोजेक्ट त्यातलाच. मेल उघडावी तर सतरा पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या. एकाने रीडमीत (प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) स्वल्पविराम टाकलाय, दुसऱ्याने तोच काढलाय. बक्षिसाच्या टी-शर्टच्या हावेपायी २०२० मध्ये इतका कचरा झाला, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात 'प्रोजेक्टने होकार दिला तरच बदल धरला जाईल' असा नियम करावा लागला. आम्ही होकार दिलेला नाही, तरी येतातच.

आणि आमचं विंडोजवर इन्स्टॉल करायचं पान? तिथे अजून 'पायथन २.७ टाका'! प्रोग्रॅमिंग भाषेच्या त्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, बाबांनो. (माझ्याकडे विंडोज नाही, तपासणार कशावर?) त्याबद्दलच्या इश्यूखाली (तक्रारीच्या नोंदीखाली) एकोणीस जणांचं 'मलाही हीच अडचण', आणि शेवटी एक महाशय : 'सुटलं, धन्यवाद.' अरे, पण कसं सुटलं? दोन ओळी लिहायला हात मोडतात का?