निसर्गाच्या कुशीत, टेपसकट

घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलं की पहिल्यांदा हे कळतं की तिथला एकही टॉवर ठाण्यात नाही. तो ‘निसर्गाच्या कुशीत’ आहे. येऊरचा डोंगर दिसला तर ‘हिल व्ह्यू’, खाडीची रेघ दिसली तर थेट ‘सी व्ह्यू’, आणि दोन्ही नसेल तर ‘सिटी व्ह्यू’, म्हणजे समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे.

याला माझी हरकत नाही. ‘स्वर्गसुख’ छापलं म्हणून कोणी इंद्राचा ताबा मागायला जात नाही. विकणाऱ्याने फुगवावं, घेणाऱ्याने निम्मं सोडून द्यावं, हा शिरस्ताच आहे. पण बरोबर सासरे होते. भूमी अभिलेखात उभा जन्म गेलेला माणूस. खिशात रुमाल नसेल, टेप असतेच.

सॅम्पल फ्लॅटच्या खोल्यांना दारंच नव्हती. ‘मोकळं वाटतं, सर,’ टायवाला मुलगा म्हणाला. सासऱ्यांनी बेडला टेप लावली. पाच फूट चार इंच. माझ्याकडे वर-खाली बघून म्हणाले, ‘जावईबापू, पाय हॉलमध्ये सोडा.’

‘स्टेशन?’

‘दहा मिनिटं!’

‘माजिवड्याचा सिग्नल धरून?’

‘मेट्रो आलीच म्हणून समजा, सर!’

‘कार्पेट किती?’

इथे मुलाचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला. ‘७२०… सेलेबल.’ कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जागा; सेलेबलमध्ये जिन्या-लॉबीचा वाटाही धरलेला असतो.

मला त्या पोराचं कौतुक वाटलं. मोजता येत नाही ते खणखणीत आणि मोजता येतं ते पुटपुटत, ही हुशारी वकिलालाही सहज यायची नाही. कारण बिल्डरांवर लगाम घालणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ म्हणतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. घर नको असेल तर व्याजासकट पैसे परत. सॅम्पल फ्लॅटही त्या कलमात येतो. त्यामुळे ‘आज टोकन दिलंत तर मॉड्युलर किचन फ्री’ हेसुद्धा कागदावर कुठेच नव्हतं.

‘दहा मिनिटं, मेट्रो, किचन, कार्पेट,’ सासऱ्यांनी बोटं मोजली. ‘एवढं लिहून द्या, टोकन देतो.’

मुलगा आत गेला. आमच्यापुढे कॉफी आली, मग बिस्किटं आली, आणि बऱ्याच वेळाने मॅनेजर आले. त्यांनी कंपनीच्या पॅडवर झोकात लिहून, खाली सही ठोकून कागद पुढे केला : ‘लोकेशन उत्तम. भविष्य उज्ज्वल.’

सासऱ्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पेन त्यांच्याकडे परत सरकवलं.

‘कोणाचं, तेवढं घाला.’