वेगवान एसएसडी घेतली म्हणून फोटो सुरक्षित होत नाहीत

लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील फोटोग्राफरांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा आशय असा, की लॅपटॉपवर एडिटिंग करणाऱ्याने हार्ड डिस्क विसरावी आणि खोक्यावर ‘सेकंदाला २,००० एमबी’ लिहिलेली एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारा ड्राइव्ह) घ्यावी, म्हणजे एडिटिंग कित्येक पटींनी वेगाने होते. फोटो आणि कॅटलॉग (फोटो कुठे आहेत व त्यांत काय बदल केले याची एडिटिंग सॉफ्टवेअरची नोंदवही) दोन्ही तिच्यावरच ठेवावेत. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती बिघडत नाही आणि वेगळ्या बॅकअपची गरज राहत नाही, असेही त्यात म्हटलेले असते. या व्यवसायात नव्याने आलेली मुले त्यावर विसंबून सगळे पैसे एकाच ड्राइव्हमध्ये घालतात, म्हणून त्यातील प्रत्येक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वेगाचा आकडा पाहू. सेकंदाला २,००० एमबी हा वेग यूएसबीच्या सेकंदाला २० गिगाबिट नेणाऱ्या पोर्टवर मिळतो आणि असे पोर्ट फार थोड्या लॅपटॉपना असते. १० गिगाबिटच्या पोर्टवर तीच एसएसडी सुमारे १,००० एमबीवर येते, ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४०० ते ४५० एमबीवर. आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल तिला जोडली, तर अशा बहुतेक केबल यूएसबी २ या जुन्या मानकाच्याच वेगाच्या असल्याने हाती जेमतेम ४० एमबी लागतात. एका लग्नाच्या ३,००० रॉ फाइल (कॅमेऱ्यातील प्रक्रिया न केलेले मूळ फोटो), प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे ९० जीबी धरले, तर चुकीच्या केबलवर ही महागडी एसएसडी साडेसदतीस मिनिटे घेते, तर सेकंदाला ११० एमबी देणारी साधी पोर्टेबल हार्ड डिस्क तेच काम चौदा मिनिटांत करते. शिवाय बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसारख्या रात्रभर चालणाऱ्या कामात कॅमेऱ्याची जी मेमरी कार्डे भरतात, ती बहुधा यूएचएस-१ या वेगप्रकाराची असतात आणि मानकानुसार त्या प्रकाराची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. कार्डच त्याहून वेगाने देत नसेल, तर पलीकडे कितीही वेगवान ड्राइव्ह असून उपयोग नाही.

एडिटिंग वेगाने होते, हा दावा अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण तो पूर्णपणे खोटा नाही. तीस एमबीची रॉ फाइल हार्ड डिस्कवरून वाचायला साधारण पाव सेकंद लागतो. एकदा ती मेमरीत आली, की एक्स्पोजरचा स्लायडर सरकवताना होणारे काम प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम यांचे असते. त्यामुळे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकत असेल, तर नवी एसएसडी जोडून त्यात फारसा फरक पडणार नाही. फरक पडतो तो कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू (फोटो चटकन दाखवता यावेत म्हणून तयार ठेवलेल्या प्रतिमा) यांच्या बाबतीत. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग हा एक डेटाबेस असून त्यातून आणि प्रीव्ह्यूच्या हजारो लहान फाइलींमधून सतत तुकड्यातुकड्याने वाचन चालते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीलाच ११ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड जागेवर नेण्याचा वेळ मिळवला तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनांपलीकडे ती जात नाही. एसएसडी हजारो करते. म्हणून कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवावेत आणि रॉ फाइल बाहेर ठेवाव्यात. स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे रॉ फाइलींच्या एडिट करता येणाऱ्या लहान प्रती, तयार केले असतील, तर बाह्य ड्राइव्ह काढून ठेवूनही एडिटिंग करता येते. आतली जागा २५६ जीबीच असेल आणि ती भरली असेल, तर मात्र बाह्य एसएसडी खरोखर हवी. पण त्यासाठी १० गिगाबिटची, १ टीबीची साधी एसएसडी पुरते.

एसएसडी बिघडत नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. खानापूर-जांबोटी रस्त्याने दुचाकीवरून सामान नेताना बसणारे धक्के ती हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ चांगले सोसते, हे निर्विवाद आहे. परंतु तिचा कंट्रोलर (चिपमधील डेटाची देवघेव सांभाळणारा भाग) गेला, तर आदल्या दिवसापर्यंत नीट चालणारा ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला दिसतही नाही, आणि त्यातून फोटो परत मिळवणे कठीण व खर्चाचे असते. हार्ड डिस्कही अचानक जाऊ शकते, मात्र बरेचदा ती आधी आवाज करते किंवा अडखळते. दुसरे असे, की एसएसडीतील डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू झिरपतो. लेखनमर्यादा संपलेल्या एसएसडीने वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच जेडेक या चिपची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून बरीच अधिक टिकवते, तरीही वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या एकमेव प्रतीसाठी ती योग्य नाही.

याच सल्ल्याखाली कधी कधी ‘१६ टीबी एसएसडी’ अगदी स्वस्तात देणारी लिंक असते. अशा खोक्यात बहुधा लहानसे मेमरी कार्ड असते आणि ते लॅपटॉपला खोटी क्षमता दाखवते. खरी क्षमता भरली, की पुढचे फोटो वाया जातात.

उरला बॅकअप. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केला आणि आपल्याकडे तो सहज पाळता येतो. कामाची प्रत एसएसडीवर, दुसरी दुकानातील हार्ड डिस्कवर आणि तिसरी गावच्या घरी दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. इंटरनेटवर चढवायचे म्हटले, तर २० मेगाबिटच्या अपलोड वेगाने ९० जीबीला दहा तास लागतात. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागणारी मोठी डिस्क घेऊ नये, कारण कॉपी चालू असताना तीच बंद पडते. लहान डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते. दमट हवेसाठी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ती ठेवावी. आणि दोन वेगळ्या ड्राइव्हवर फोटो उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.