चिनी रेड वाइन आणि झणझणीत शेजवान: हा सल्ला पाळू नका

"चिनी रेड वाइन म्हणजे फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाइनची गोडसर नक्कल. चायनीजसोबत, तेही तिखट शेजवानसोबत, रूम टेंपरेचरला प्यावी." व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरातलं एकही विधान धड नाही. वायव्य चीनच्या निंगशिया प्रांतातल्या हेलान पर्वताच्या पूर्व पायथ्याचं कॅबर्ने-ब्लेंड, म्हणजे कॅबर्ने आणि इतर द्राक्षांची मिश्र वाइन, समोर ठेवून बोलू.

नक्कल? द्राक्षं बोर्डोकडची, हे मान्य: कॅबर्ने सोव्हिन्यॉं, मर्लो आणि निंगशियातली 'कॅबर्ने गेर्निश्ट', जी डीएनए चाचणीत कार्मेनेर, म्हणजे बोर्डोचीच जुनी जात, ठरली. पण निंगशियाची हवा बोर्डोची नाही. उंची हजार मीटरच्या वर, पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, थंडीत पारा उणे २०पर्यंत. म्हणून शरद ऋतूत छाटणी झाली की वेल वाकवून मातीत पुरतात आणि वसंतात उकरून काढतात. जुनं खोड वाकवताना तडकतं, त्यामुळे वेल पहिल्यापासून तिरपी वाढवावी लागते. ही मजुरी बाटलीच्या किमतीत उतरते. गेर्निश्ट नीट पिकण्याआधी तोडली तर वाइनला ढोबळी मिरचीचा हिरवट वास येतो, म्हणून ती ब्लेंडमध्ये बेतानेच घालावी. हेलान चिंगश्वे या तिथल्या वायनरीच्या २००९च्या 'ज्या बेई लान' वाइनला २०११मध्ये 'डिकँटर' या वाइन-मासिकाच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय ट्रॉफी मिळाली, ती याच घराण्यातली. आणि गोडसर तर ती मुळीच नाही, चांगली ड्राय, म्हणजे बिनगोडीची आहे.

शेजवानसोबत? इथे सगळ्यात मोठी चूक होते. अशा ब्लेंडमध्ये अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा, भरपूर. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, टॅनिन तोंड कोरडं करतं, सॉसमधल्या साखरेपुढे वाइन आंबट-कडू लागते. ज्यावरून 'शेजवान' नाव आलं त्या खऱ्या सिचुआन जेवणात वर ह्वाच्याव असतं, म्हणजे आपल्या तिरफळाची भावकी. त्याने जीभ बधिर झाल्यावर वाइनमधल्या फळाचा स्वाद कळणार कसा? वाफवलेला मासाही नको, तोंडाला लोखंडासारखी चव येते.

या वाइनला हवं मीठ आणि चरबी. दोन्ही टॅनिनची धार मोडतात. निंगशियाची स्वतःची जोडी म्हणजे तिथल्या तान मेंढीचं उकडलेलं, हाताने खायचं मटण. जिरं घातलेलं मटणही उत्तम. ५०० ग्रॅम मटणाला एक मोठा चमचा भरड जिरं, एक चहाचा चमचा मीठ, बिया काढलेल्या दोनच सुक्या मिरच्या. मेंढीच्या मांडीचे पातळ काप रेषांना आडवे कापून दोन घाण्यांत, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परतावेत. सगळं एकदम टाकलं तर पाणी सुटतं, मटण परतण्याऐवजी शिजतं आणि चिवट होतं. आपल्याकडे बोकडाचं मटण मिळतं. ते आधी कुकरमध्ये मऊ करून, पाणी आटवून मग परतावं. पेकिंग डकही चालतं, फक्त गोड सॉस बोटभरच लावा.

रूम टेंपरेचर? पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात खोली ३० अंशांवर असते. तेवढ्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात जातं. १६ ते १८ अंश हवेत. बाटली तासभर तरी फ्रिजमध्ये ठेवा. कोवळी वाइन ओतून तासभर जगमध्ये मोकळी राहू द्या, पण जग पंख्याखाली गरम होऊ देऊ नका. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.