साडेसत्त्याण्णव मीटर

आमच्या साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट मी लहानपणापासून हजार वेळा तरी चढलो असेन. कधी वडिलांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून, कधी कॉलेजात ट्रिपल सीट, कधी पुण्याच्या पाव्हण्यांना कासची फुलं दाखवायला (सप्टेंबर आला की आमच्याकडं फुलांच्या आधी पाव्हणे उमलतात). पण या घाटाला एवढा चढ आहे हे मला वयाच्या 47व्या वर्षी कळलं. गाडीच्या इंजिनाला ते आधीपासून माहीत असणार, बिचाऱ्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

सुरुवात बँकेत झाली. मी एका सहकारी बँकेत कर्जवसुली बघतो, म्हणजे माझं काम बसून फोन करायचं. आमच्या कॅशियरनं वर्षात बारा किलो वजन उतरवलं आणि तेव्हापासून तो माणसासारखं बोलायचा बंद झाला. 'काय चाललंय' विचारलं की 'काल दहा के मारले' म्हणतो, म्हणजे दहा किलोमीटर पळाला. एकदा डबा खाताना साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा विषय निघाला. ती यवतेश्वरच्या घाटातनं कास रोडला जाऊन परत येते, देशभरनं लोक येतात, 2015 साली गिनीजमध्ये नोंद झालीय वगैरे तो सांगत होता. मी तिसरी चपाती घेत नुसतं 'अरे वा' म्हटलं, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "साहेब, तुम्हाला नाय जमायचं." एवढंच. त्याच रात्री मी फॉर्म भरला. पैसे परत मिळणार नाहीत हे फॉर्म भरल्यावर वाचलं, ही आमच्या कर्जदारांची सवय मला कधी लागली कुणास ठाऊक.

मग बूट. दुकानदार म्हणाला एक नंबर मोठा घ्या, पळताना पाय सुजतो, उताराला बोटं पुढं सरकतात. मला वाटलं ह्याच्याकडं माझा नंबर संपलाय म्हणून गळ्यात मारतोय. मी ठणकावून माझ्याच मापाचा घेतला, साडेसहा हजाराचा. आई म्हणाली, "पायीच जायचंय ना, मग एवढे पैसे कशाला?" ह्यावर माझ्याकडं आजही उत्तर नाही.

प्रॅक्टिसबद्दल फार सांगत नाही कारण फार झालीच नाही. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यानं चार भिंती स्मारकापर्यंत जायचो, जाताना पळत आणि येताना विचार करत. कार्ब लोडिंग मात्र मनापासून केलं. आदल्या एक-दोन दिवशी भात-बटाटा जरा जास्त खायचा असं कॅशियरनं सांगितलं होतं, मी सेफ साईड म्हणून पंधरा दिवस आधीच सुरू केलं, शिऱ्यासकट. आदल्या रात्री बायकोनं डायनिंग टेबलवर टी-शर्ट पसरून चार सेफ्टी पिनांनी नंबर लावून दिला आणि "घालून बघा" म्हणाली. घालायला गेलो तर पिना टी-शर्टच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंतनं आरपार, डोकंच आत जाईना. "हा देवाचा कौल समजायचा का?" असं मी विचारून बघितलं. तिनं न बोलता पिना काढून परत लावल्या.

पहाटे पोलीस परेड ग्राऊंडवर ही गर्दी. रिमझिम पाऊस, स्पीकरवर झिंग आणणारी गाणी, आणि सगळ्यात मोठी रांग टॉयलेटला. माझ्या शेजारी पांढरी मिशी, अर्धी चड्डी, सत्तरीचे एक आजोबा जागच्या जागी उड्या मारत होते. मी आदरानं विचारलं, "पहिलीच का आजोबा?" ते म्हणाले, "ह्या महिन्यातली." त्यानंतर मी कुणाशी बोललो नाही.

सुटलो. आणि पोवई नाक्यापर्यंतच मला कळलं की आपण गाव चुकलोय. मॅरेथॉन पळायचीच तर माणसानं परगावी पळावी. सातारा पडलं पेन्शनरांचं गाव, पहाटे सहालाच सगळं गाव अंघोळ करून कानटोपी घालून रस्त्याच्या कडेला उभं. मुंबईत दमल्यावर चाललात तर कोण ओळखतंय तुम्हाला? इथं दर पन्नास पावलांवर ओळखीचं तोंड. दम लागून जरा चालावं म्हटलं की समोर दूधवाला, तो गेला की मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई, ती गेली की सोसायटीचे सेक्रेटरी. दमलेला माणूस चालतो, पण ओळखीच्या माणसापुढं दमलेला माणूस हसत पळतो. राजवाड्यापर्यंत माझे पाय कमी आणि गाल जास्त दुखत होते.

त्यात मोती चौकाच्या अलीकडं आमचा एक थकीत कर्जदार उभा. ट्रॅक्टर लोन, सात हप्ते थकलेले. गेले चार महिने ह्याचा फोन कायम कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर, आणि आता स्वतः हात वर करून टाळ्या वाजवतोय. "पळा साहेब पळा! माझ्या मागं पळता तसं पळा!" आजूबाजूचे वीस लोक हसले. थांबून हप्त्याचं विचारावं असं क्षणभर वाटलंही, पण मागनं लोंढा येत होता आणि बोलायला श्वास नव्हता. वसुलीच्या इतिहासात पहिल्यांदाच वसुली अधिकारी कर्जदाराला टाळून पुढं पळाला.

समर्थ मंदिराच्या चौकात शाळेतले आमचे पीटीचे सर. ऐंशीच्या घरात असतील, हातात चहाचा ग्लास. तेहतीस वर्षांनी बघताहेत आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे खांदे पाड! खांदे का वर घेतोयस? तेव्हाही घ्यायचास!"

पुढं घाट लागला आणि ओळखीचे लोक संपले. आता चालायला हरकत नव्हती, पण आता मी पडलो एकटा, आणि एकट्या माणसाशी त्याचं शरीर फार वाईट भाषेत बोलतं. आधी पोटरीनं अर्ज दिला. मग बरगडीखाली कळ. मग डावा गुडघा. हा गुडघा म्हणजे जुनंच एनपीए खातं, क्रिकेट खेळताना 2009 ला बुडालेलं, त्याच्याकडनं मी कधी अपेक्षाच ठेवली नव्हती. डोकं मात्र ब्रँच मॅनेजरसारखं खुर्चीत बसून सगळ्यांना एकच सांगत होतं, 'हे कर्ज मंजूर कुणी केलं?' मग मी तेच केलं जे बँकेत करतो, हप्ते पाडून दिले. एकवीस किलोमीटरचा विचार करायचाच नाही. त्या पिवळ्या रेनकोटवाल्या बाईपर्यंत. त्या धबधब्यापर्यंत. त्या खांबापर्यंत पळायचं आणि पुढच्या खांबापर्यंत चालायचं. खांब आला की नवीन कर्ज देऊन जुनं भागवायचं. ह्याला आमच्याकडं एव्हरग्रीनिंग म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेला ते अजिबात आवडत नाही, पण घाटात रिझर्व्ह बँक नव्हती.

एका वळणावर मला ललिता बाबर आठवली. ती आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पळाली आणि दहावी आली. जिल्हा एकच, मग आपल्यात थोडं तरी असेल ना, असं म्हणून मी जोर लावला. पन्नास पावलं टिकला. नंतर विचार केला, ती माणदेशातली, तिकडं पाण्यालासुद्धा लांब चालावं लागलेली माणसं. आपण कास तलावाचं पाणी नळाला येतं म्हणून तीन पिढ्या घरात बसलेले. ह्यात पाण्याचाच दोष जास्त.

हायड्रेशन पॉईंटला एका चिमुरडीनं मला मीठ लावलेली संत्र्याची फोड दिली. आयुष्यात एवढं चांगलं काही खाल्लं नाही हे मी शपथेवर सांगतो, आमच्या लग्नातली जिलबीसुद्धा नाही (हे घरी वाचू नये). पाणी मात्र पळता पळता पिऊ नये, अर्धा कप नाकात गेला आणि पुढचा अर्धा किलोमीटर मी शिंकत चढलो. तिथंच ते मिशीवाले आजोबा समोरनं परत येताना दिसले. होय, परत येताना. मला बघून अंगठा दाखवला. त्यांचा श्वाससुद्धा फुलला नव्हता.

यू-टर्नला हलगी वाजत होती. हलगीचं एक आहे, ती डोक्याला विचारत नाही, डायरेक्ट पायाशी बोलते. मी चक्क नाचलो. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, झालं आता, आता सगळा उतारच हाय!"

ह्या वाक्यावर ज्यानं विश्वास ठेवला तो मेला. चढाला फार तर दम लागतो, उतार माणसाला आतनं उसवतो. माझा मेव्हणा डॉक्टर आहे, त्यानं नंतर समजावलं की उताराला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात, त्यात त्यांचे बारीक बारीक धागे तुटतात, आणि त्याचं खरं बिल एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे चढ रोखीचा व्यवहार आणि उतार उधारीचा. शिवाय प्रत्येक पावलाला अंगठे बुटाच्या टोकावर आपटत होते आणि प्रत्येक आपटीला मला तो बूटवाला आठवत होता. मी त्याची मनातल्या मनात इतक्या वेळा माफी मागितली की तो त्या दिवशी नक्की दिवसभर उचक्या देत बसला असणार.

सोळाच्या पुढं पोटरीत गोळा आला. असा आला की मी कठड्यावर बसलोच. खाली ढग फाटून सातारा दिसत होतं, समोर अजिंक्यतारा, माझ्या घराची टाकीसुद्धा ओळखू आली. मी ठरवलं, बास. कुणाला काय सिद्ध करायचंय? कॅशियरचं म्हणणं खरं होतं, सोमवारी त्याला चहा पाजू. आणि देवाच्या कृपेनं मागनं अँब्युलन्स आली. ड्रायव्हरनं काच खाली केली. आत गादी होती हो, कोरडी. "बसताय का काका?" मी उठलो, एक पाय आत टाकायला निघालो आणि विचारलं, "कुठनं जाणार?"

"कुठनं म्हंजे? आल्या वाटंनंच की. समर्थ मंदिर, राजवाडा..."

माझ्या डोळ्यांपुढं चित्र आलं. अँब्युलन्स चौकात हळू झालीय, खिडकीत मी, खिडकीबाहेर चहाचा ग्लास घेऊन सर. आणि पुढं मोती चौकात ट्रॅक्टरवाला.

"नको," म्हटलं, "असंच बसलो होतो जरा. व्ह्यू बघत."

तिथनं पुढं मी कसा आलो ते मला नीट आठवत नाही. लंगडत, उड्या मारत, एकदा कडेकडेनं खेकड्यासारखं. सर तिथंच होते, ग्लास दुसरा असावा. "खांदे!" एवढंच ओरडले. मी खांदे पाडले, आणि काय सांगू, खरंच जरा हलकं वाटलं. ही टिप मी तेहतीस वर्षांपूर्वी ऐकली असती तर गुडघाही वाचला असता बहुतेक.

ग्राऊंड जवळ आलं, एकवीसची पाटी दिसली, मी दोन्ही हात वर केले आणि थांबलो. तर व्हॉलंटिअर पोरगी म्हणते, "काका, फिनिश पुढं आहे." हाफ मॅरेथॉन 21 किलोमीटर नसून 21.0975 असते. वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कुठनं आले, तर 1908 च्या लंडन ऑलिंपिकात शर्यत सुरू केली विंडसरच्या राजवाड्यापासून आणि संपवली स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर, ते भरलं 42.195. पुढं 1921 ला तेच माप जगभर कायम झालं, आणि आमच्या वाट्याला त्याचं निम्मं आलं. राजवाडा साताऱ्यालाही आहे, पण त्यानं कधी कुणाच्या गळ्यात असलं काही मारलं नाही, आमच्या राजवाड्यासमोर संध्याकाळी चौपाटी भरते आणि भेळ मिळते.

तर ते साडेसत्त्याण्णव मीटर. पाय संपले होते. आणि बॅरिकेडच्या पलीकडनं ओळखीचा आवाज आला. मोती चौकातनं मोटारसायकल घेऊन हा बाबा ग्राऊंडवर आला होता. "साहेब, थांबू नका! शेवटचा हप्ता ऱ्हायलाय!"

तीन तास चार मिनिटं. मेडल घातलं, पाणी प्यालो, बायकोनं तोंडात अख्खा कंदी पेढा घातला तेव्हा मी रडत होतो, तिला वाटलं आनंदानं. अंगठ्यामुळं.

सोमवारी बँकेत गेलो. ब्रँच पहिल्या मजल्यावर. चढताना ठीक, पण दुपारी चहाला उतरताना कठडा धरून उलटा उतरलो, रांगत्या पोरासारखा, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. परत येऊन टेकतो तोच ट्रॅक्टरवाला समोरच्या खुर्चीत. चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून आलेला. मी घाईघाईनं त्याची फाईल काढली.

"साहेब, किती लागला टाईम?"

"तीन तास चार मिनिटं," मी म्हटलं, जरा ताठ बसून.

"आणि पहिला आला त्याला?"

"त्याला... बराच कमी."

"म्हंजे तुमाला टाईम जास्त लागला."

"लागणारच की! घाट आहे तो. पण पूर्ण केलं ना मी?"

"तेच म्हणतोय मी," तो खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "मलाबी मार्चपर्यंत द्या."