डोकं खाली, पाय सीटवर

एमजीबी या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचा रिव्हर्स टाकताना खर्र्र झालं की आजूबाजूच्या जाणकारांकडून तीन निदानं फुकट मिळतात: क्लच प्लेट गेली, बेअरिंग गेलं, किंवा गाडी विकून टाका. पहिल्या दोन्हींसाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, त्यामुळे तिसरं निदान सगळ्यात समंजस वाटायला लागतं. माझं म्हणणं एवढंच, की विकण्याआधी बोनेटखालच्या पेडलपेटीचं झाकण उघडून वर बघा.

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या. क्लचचं पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल खाली ढकलणारा सिलिंडर) दांडा यांना जोडायला तिथल्या लोकांनी ५/१६ इंचाची साधी क्लेविस पिन, म्हणजे दोन भोकांतून आरपार जाणारी खिळी, दिली. वर्षानुवर्षं पाय पडून पेडलचं भोक लंबगोल होतं आणि पिनीला मधोमध कंबर येते. माणसाला येत नाही ती कंबर पिनीला येते, हे दुःख वेगळं.

आता जरा हिशेब. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, खाली गिअरबॉक्सवर बसून त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा सव्वा इंच. क्षेत्रफळाचं गुणोत्तर निघतं २.७८. म्हणजे वर दांडा पावणेतीन मिमी सरकतो तेव्हा खालचा जेमतेम १ मिमी हलतो. खाली साधारण अर्धा इंच चाल लागते. वरच्या पिनीत ३ मिमी खेळ झाला, तर खालची मिलिमीटरभर चाल पेडल दाबूनही मिळतच नाही. प्लेट नीट सुटत नाही, गिअर फिरत राहतात, आणि रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून घेणारी रचना) नसल्यामुळे तोच पहिला बोंब मारतो.

गंमत अशी, की सगळे आधी गाडीखाली शिरतात आणि फोर्कची, म्हणजे स्लेव्ह ज्याला ढकलतो त्या क्लचच्या दांडीची, पिन हलवून बघतात. ती हलते. मग मान डोलवतात. पण स्लेव्हमधली बारकी स्प्रिंग पिस्टनला कायम फोर्कच्या दिशेने ढकलत असते, त्यामुळे खालची ढिलाई ती परस्पर खाऊन टाकते. वरच्या ढिलाईला असा कुणी वाली नाही. खात्री हवी असेल तर झाकण काढा, पेडल हाताने हळूच दाबा आणि दांड्याकडे बघा. पेडल निघालं आणि दांडा अजून जागेवरच, तर चोर सापडला.

पिन नवी घातली आणि भोक तसंच ठेवलं, तर नवी पिनही त्याच भोकात डुलत बसते. भोक वेल्डिंगने भरून ५/१६ ला पुन्हा पाडायचं, नाहीतर त्यात बुश (धातूचं छोटं नळकांडं) बसवायचं. '८ मिमीचा बोल्ट टाकू ना!' हे वाक्य कानावर पडलं तर पाने उचलून लांब ठेवा. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी. तो बोल्ट आत जायला भोक मोठं करावं लागतं आणि मग त्याचे आटे रोज थोडं थोडं भोक कानशीत राहतात. दुसरा मोह दांडा लांब करण्याचा. तसं करू नका. पेडल मोकळं असताना दांड्याला किंचित ढिलाई हवीच, नाहीतर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र बंद राहतं, ऑइल अडकतं आणि क्लच स्लिप व्हायला लागतो. एक दुखणं काढून दुसरं विकत घेतल्यासारखं.

जोडणी म्हणजे खरा योगाभ्यास. झाकण उघडून वरून पिन दिसते, पण बोटं पोचत नाहीत. खालून बोटं पोचतात, पण दिसत काही नाही. डॅशबोर्डखाली डोकं, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च. पेडलचं भोक, दांड्याच्या चिमट्याची भोकं आणि पिन या सगळ्यांना एका रेषेत आणायचं. लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे एकदम कॅमेऱ्याकडे बघतात, तितकंच हे सोपं. मी पिनीला चिमूटभर ग्रीस लावतो, म्हणजे ती निदान भोकाच्या तोंडाशी थांबते. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकात घालून दुमडायची स्प्लिट पिन नवीच घ्यायची आणि एक नाही, चार आणायच्या. पहिली कार्पेटमध्ये जाते, दुसरी दुमडताना मोडते. पेडलची स्प्रिंग पक्कडीने ओढू नका, सटकली की नख जातं. मजबूत दोरीचा फास अडकवून ओढली की मुकाट्याने आकड्यात बसते.

स्लेव्हही बदलायचा असेल तर खालची पिन काढायची गरजच नाही. दोन बोल्ट सोडले की रबरी टोपीसकट सिलिंडर दांड्यावरून सरकून येतो. नवा बसवताना तांब्याचं वायसर घालून होजचं तोंड आधी स्लेव्हमध्ये आवळायचं, मग बोल्ट. उलट केलं तर होजला पीळ बसतो. आणि स्लेव्ह बाहेर असताना कुणालाही पेडलला पाय लावू देऊ नका. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटत नसेल, पण ब्रेक ऑइलसकट तुमच्या मांडीवर येतो.

मग हवा काढणं. पेडल पंप करून हवेचा बुडबुडा थोडा खाली जातो आणि पाय उचलला की पाइपातून परत वर चढतो. दिवसभर त्याची लिफ्ट चालू. त्यापेक्षा उलटं करा. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या तोंडाला) नळी लावून ऑइलच्या कॅनने ब्रेक ऑइल खालून वर ढकला. हवेला तसंही वरच जायचं असतं. एकाने मास्टरच्या टाकीवर नजर ठेवायची, कारण ती भरली की सांगत नाही, सांडते. सांडलंच, तर लगेच भरपूर पाणी ओता. फडक्याने पुसू नका, रंग फडक्याबरोबर येतो.